बावडीवर स्लॅब टाकण्याआधी : माळव्यातल्या देवस्थान समित्यांना आणि गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
देपालपूर, हातोद, सांवेर, बेटमा, गौतमपुरा, मानपूर आणि इंदूर जिल्ह्यातल्या अशाच छोट्या गावांतील देवस्थान समित्या, गणेशोत्सव मंडळे व मराठी समाजाचे पदाधिकारी यांस

विषय : देवळाजवळच्या बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) व विहिरी बुजवू नयेत, स्लॅबने झाकू नयेत, त्यांत विसर्जन करू नये आणि वैशाखातली सफाई रीतसर करावी.

सप्रेम नमस्कार.

नगर परिषदांना हिंदीत वेगळा अर्ज दिला आहे. हे पत्र मराठीत आहे, कारण होळकरांच्या काळापासूनच्या बऱ्याच देवळांच्या आवारातल्या बावड्यांची किल्ली परिषदेच्या कपाटात नसते, आपल्यापैकीच कोणाच्या तरी ओसरीवर खुंटीला असते. बावडीत काय टाकायचे, तिच्यावर काय बांधायचे आणि ती कधी उपसायची हे तुम्ही ठरवता. म्हणून सांगायचे ते थेट तुम्हालाच सांगतो.

अलीकडे तीन गोष्टी सर्रास होताना दिसतात. भीतीपोटी बावडी मलबा टाकून बुजवतात. मंडपाला जागा हवी म्हणून तिच्यावर स्लॅब टाकतात. किंवा 'सौंदर्यीकरण' म्हणून आतून सिमेंटचा गिलावा, वरून रंग आणि कारंजे बसवतात. आमच्या मते तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींइतकीच वाईट, फक्त तिचे उद्घाटन होते एवढाच फरक. यापेक्षा सोपी आणि स्वस्त वाट आहे : बावडी उघडी ठेवा, साफ ठेवा आणि तिचे पाणी रोज वापरा. यातले 'रोज वापरा' हेच लोक विसरतात.

आधी स्लॅबचे बोलू. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. इंदुरात एका देवळातल्या बावडीवर टाकलेले छत हवनाच्या वेळी जमलेल्या माणसांसकट खाली गेले आणि ३६ जणांचा जीव गेला. त्यानंतर 'आपला स्लॅब जाड टाकू' असे म्हणणाऱ्या समित्या आम्हाला भेटल्या. जाडीने प्रश्न सुटत नाही. बावडीवरच्या स्लॅबची खालची बाजू बाराही महिने दमट असते. ओल काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट पोपडे होऊन पाण्यात पडते. हे सगळे अंधारात, कोणाच्या नजरेला न पडता होते. वर मात्र टाइल्स चकचकीत असतात. शिवाय स्लॅबचे स्वतःचे ओझे असतेच : १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलो भरतो. माणसे दाटीने जमतील अशा जागेसाठी चौरस मीटरला आणखी ५०० किलो धरून रचना करावी लागते, आणि तो सगळा भार शेवटी बावडीच्या जुन्या दगडी भिंतीवर येतो. ती भिंत मागची माती अडवायला रचली होती, डोक्यावर ओझे घ्यायला नव्हे.

ज्यांच्याकडे असा स्लॅब आधीपासून आहे त्यांनी आजच एक करावे : त्यावर बसणे, पंगत, हवन, मंडपाचे खांब, सगळे बंद. कडेने दोर लावून फलक लावा. मग इंजिनिअरकडून खालून, उजेड टाकून तपासून घ्या. वरून तपासणी ही तपासणीच नव्हे.

बुजवल्याने धोका संपतो हाही भ्रमच. मलब्याने भरलेली बावडी पुढे कित्येक वर्षे बसत राहते, कारण विटांच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या असतात आणि झिरे काही बंद होत नाहीत. पाणी खालून येतच राहते, बारीक माती वाहून जाते आणि एखाद्या पावसाळ्यात वरची फरशी अचानक खचते. शेजारच्या घरांच्या जोत्याला ओल लागते. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. त्यामुळे भिंतींना तिरप्या भेगा जातात आणि मग दोष मिस्त्रीला.

झाकायचेच असेल तर जाळी टाका. सभोवती ७५ ते ९० सेंटिमीटर उंच कठडा, त्यावर लोखंडी चौकट आणि तीत १० सेंटिमीटरहून मोठी फट नसलेली जाळी. चौकटीचे पाय कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, स्वतंत्र पायावर घ्या. कमानीवर किंवा पायऱ्यांच्या कडेवर टेकवू नका. एका कोपऱ्यात कुलूप लागेल असे, माणूस आणि बादली दोन्ही जातील एवढे दार ठेवा. दार ठेवायला विसरलेल्या जाळ्या पुढच्याच वर्षी गॅसकटरने कापाव्या लागतात. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब आणि पिंपळ पाने टाकतात, तेवढ्यापुरते हिरवे नायलॉनचे जाळे वरून पसरायला हरकत नाही, पण पानगळ संपली की ते काढून घ्या. कायम राहिलेल्या नायलॉनमध्ये साप आणि पाखरे अडकून मरतात आणि शेवटी पाण्यातच पडतात.

आता विसर्जनाचे, आणि हा भाग मंडळांनी जरा सावकाश वाचावा.

पीओपी म्हणजे भाजलेले जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. पाण्यात ते फार हळू विरघळते. नदीत वाहून जाते, बावडीत मात्र जागेवर बसते. तिच्या तळाशी हार-फुले, दूर्वा, केळीचे खुंट, नारळ कुजायला लागले की तिथला प्राणवायू संपतो. प्राणवायू नसताना जगणारे काही जीवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडलेल्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. म्हणजे भाद्रपदात आपण सल्फेट आणि कुजणारा माल एकाच खड्ड्यात एकत्र ठेवतो, आणि वैशाखात त्याच खड्ड्यात माणूस उतरवतो. मूर्ती शाडूची किंवा इकडच्या पिवळ्या मातीची असली तरी निर्माल्याचा प्रश्न राहतोच. कुजताना कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि वारा न लागणाऱ्या खोल जागेत तळाशी साचून राहतो. त्याला वास नसतो.

३ एप्रिल २०२५ रोजी खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावत गावात गणगौर विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेले आणि त्यांना वाचवायला मागोमाग उतरलेले असे आठजण विषारी वायूने गेले. गणगौर, गणपती, पितृपक्षातली संजा, हरितालिकेची वाळूची पिंड : आपल्याकडचे बरेच सण पाण्यापाशी संपतात. पण सणासाठीचे पाणी आणि बावडीचे पाणी वेगळे ठेवायला कोणतेही शास्त्र आड येत नाही.

त्यासाठी कुंड करा. आवाराच्या दुसऱ्या टोकाला ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल हौद बांधला तर त्यात सुमारे ६,००० लिटर पाणी मावते. एक फुटापर्यंतच्या, न भाजलेल्या मातीच्या घरगुती मूर्ती त्यात आरामात विरघळतात. पाणी भरायला बावडीचेच घ्या, म्हणजे तेवढा उपसाही होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पीओपीच्या मूर्तींना साफ नको म्हणतात, तेव्हा मूर्तिकाराकडे आषाढातच ऑर्डर द्या. ऐनवेळी मातीची मूर्ती मिळत नाही, ही तक्रार खरी आहे, पण ती श्रावण संपल्यावर ऑर्डर देणाऱ्यांची असते. माती सुकायला वेळ लागतो. घाईत उन्हात ठेवलेली मूर्ती तडकते आणि मग मूर्तिकार पीओपीकडे वळतो. विसर्जनानंतर हौद दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. वरचे पाणी नितळले की झाडांना घाला, खालची माती पोत्यात भरून मूर्तिकाराला परत करा. रंग दिलेल्या मूर्तींची माती वेगळी ठेवा, ती भाजीच्या वाफ्यात घालू नका.

निर्माल्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. दोरा, प्लॅस्टिक, जरीच्या माळा, अगरबत्तीची वेष्टने आधी काढायची. हे काम आरतीच्या वेळी दोन मुलांकडे दिले की सुरळीत होते. एक थर निर्माल्य, एक थर सुकी पाने, वर थोडे शेण आणि माती. खड्डा कोरडा पडला तर काही कुजत नाही आणि फार भिजला तर वास सुटतो. मुठीत दाबल्यावर ओल लागावी पण पाणी ठिबकू नये, एवढाच ओलावा ठेवा. नारळाची शेंडी आणि करवंटी यात घालू नका, ती वर्षभरात मोडत नाही.

आता सफाई. राज्य सरकारच्या जल गंगा संवर्धन अभियानामुळे बावड्यांकडे पुन्हा लक्ष गेले हे चांगलेच झाले. २०२५ मध्ये ते गुढीपाडव्याला, ३० मार्चला सुरू होऊन ३० जूनपर्यंत चालले. मात्र अशा मोहिमेत फोटो पहिल्या दिवशी निघतात आणि पाणी नंतरचे महिने काढायचे असते. इकडे पाऊस जूनच्या मध्यानंतर धरतो. चुन्याच्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरायच्या असतील तर त्या पावसाआधी किमान महिनाभर वाळायला हव्यात. म्हणून चैत्रात मोजमाप, वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात उपसा आणि गाळ, दुसऱ्यात दगडकाम, ज्येष्ठात काही नाही. ज्येष्ठात सुरू केलेले काम वाहून जाते.

उपसा करण्याआधी बावडीत कोण राहते ते बघा. दिवड, बेडूक, मासे, कधी कासव. दिवड बिनविषारी आहे, तिला काठीने मारायची गरज नाही. उतरत्या पाण्याबरोबर ती स्वतःच पायऱ्यांवर येते. मासे टोपलीने काढून त्याच पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवा, सावलीत. नळाचे क्लोरीनचे पाणी टाकीत घातले तर ते मरतील. कासव दिसले तर वनखात्याला कळवा. कासवे वन्यजीव कायद्याखाली येतात आणि 'शुभ असते' म्हणून घरी नेणे हा गुन्हा आहे. सुगरणीचे खोपे बावडीवर झुकलेल्या बाभळीला किंवा खजुरीला लटकलेले असतील तर ती फांदी जून ते सप्टेंबर अजिबात तोडू नका, तो त्यांच्या पिलांचा काळ असतो.

पंप वर ठेवा. डिझेलचे इंजिन पायऱ्यांवर उतरवले की त्याचा धूर बावडीत भरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडलाही वास नसतो. विजेची मोटर असेल तर जोडणीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तारेला टेप गुंडाळून भागवणारा इलेक्ट्रिशियन परत पाठवा. आणि एका दिवसात बावडी कोरडी करू नका. हे फार ठिकाणी होते, कारण टँकरवाला दिवसावर पैसे घेतो. भिंतीमागची माती पाण्याने तट्ट असते. आतले पाणी तिला उलट रेटा देत असते. ते एकदम काढले तर मागचा रेटा एकटा उरतो आणि दगड आत ढासळतात. आमचा हिशेब असा : दिवसाला मीटरभर पाणी उतरवा, रात्री थांबा आणि सकाळी भिंत पाहा. फुगवटा, नवी भेग किंवा दगडांच्या फटीतून मातकट पाणी दिसले तर त्या दिवशी पंप बंद.

माणूस उतरण्याआधीची तयारी पुढे सांगतो. यात काटकसर चालणार नाही.

मेणबत्ती किंवा कंदील खाली सोडून पाहायची जुनी रीत आता सोडा. ज्योत विझते तेव्हा प्राणवायू सुमारे १६ टक्क्यांवर आलेला असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली मुळात उतरायचेच नाही. शिवाय ज्योत हायड्रोजन सल्फाइडबद्दल काहीच सांगत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडवते. नाकावरही भरवसा नको. सडक्या अंड्याचा वास येता येता अचानक थांबला तर हवा शुद्ध झाली असे नव्हे. वायू वाढला की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. चार वायू दाखवणारे मीटर भाड्याने आणा, दोरीने तळापर्यंत सोडा आणि वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी वाचन घ्या. ब्लोअरचा पाइप तळापासून हातभर वर ठेवून अर्धा तास हवा मारा, मग पुन्हा वाचन, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू. वीज गेली तर माणूस बाहेर. गाळ उकरायला लागले की त्यात कोंडलेला वायू सुटतो, म्हणून सकाळी ठीक असलेले वाचन दुपारी ठीक असेलच असे नाही.

उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस (खांदे आणि मांड्या धरणारे पट्टे) हवा, कमरेला बांधलेला दोर नव्हे. कमरेच्या दोराने बेशुद्ध माणूस वर ओढताना तो दुमडतो आणि अडकतो. वर तिपाईला चेनपुली आणि दोन माणसे, जी फोनवर बोलत नाहीत. आणि एक नियम सगळ्यांच्या देखत, काम सुरू होण्याआधी मोठ्याने सांगायचा : खाली कोणी पडले तर वरचा उतरणार नाही. तो चेनपुली ओढेल, ब्लोअरची हवा वाढवेल आणि मदत बोलावेल. अशा अपघातांत पहिल्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा जातो तो भाऊ, मुलगा किंवा मित्र असतो, आणि त्या क्षणी त्याला थांबवायला आधी ठरलेला नियमच लागतो.

गाळाचा अंदाज आधीच काढता येतो. लोखंडी सळई पाण्यात सोडा. मऊ लागते ती खूण गाळाच्या वरच्या थराची, दाबल्यावर टणक लागते ती तळाची. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. ४ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत मीटरभर गाळ असेल तर तो साडेबारा घनमीटर भरतो, ओला असताना वीस टनांहून जास्त, म्हणजे ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या. एवढा माल बावडीच्या काठावर ढीग मारून ठेवू नका. काठावरचे वजन भिंत आत ढकलते आणि पहिल्या पावसात तोच गाळ परत आत जातो. किमान पाच मीटर लांब टाका. वरच्या फूट-दीड फुटात प्लॅस्टिक, काच, मूर्तींचे अवशेष, लोखंडी सांगाडे असतात; ते वेगळे काढून परिषदेच्या कचरागाडीला द्या. त्याखालचा निव्वळ काळा गाळ शेताला चांगला, आणि शेतकरी तो स्वतःच्या ट्रॉलीने नेतात.

टणक मुरूम किंवा खडक लागला की थांबा. आमच्याकडचा खडक लाव्हाचा, बेसाल्ट. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. 'अजून पाणी लागेल' म्हणून बावडीच्या तळाशी उभे बोअर मारायची फॅशन आली आहे. त्याने वरच्या भेगांतले पाणी खालच्या थरात निघून जाण्याचा धोका असतो, आणि आधी मे महिन्यापर्यंत टिकणारी बावडी मार्चमध्ये तळ दाखवते. सुरुंग लावायचा विचार तर मनातही आणू नका.

दगडकामात सिमेंट हाच मोठा शत्रू. बावडीच्या भिंतीतून पाणी आत येणे हे तिचे काम आहे. पाण्याच्या पातळीखालचे दगड मुद्दाम बिनचुन्याचे, कोरडे रचलेले असतात. त्या फटी बुजवल्या की झिरे बंद आणि मागून दाब सुरू. पातळीच्या वर दर्जा भरायच्या असतील तर चुन्याने भरा : एक भाग मुरवलेला चुना, एक भाग विटेची सुरखी (भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. चुना पाण्यात विझवून किमान तीन आठवडे झाकून मुरवलेला हवा. कच्चा राहिलेला खडा भिंतीत गेल्यावर फुलतो आणि दर्जा उडवतो. विझवताना तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर नजर जाते, तेव्हा चष्मा हवा आणि मुले लांब. भरलेल्या दर्जांवर दोन आठवडे ओली पोती ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस पोते सुकले तरी चुना भुकटी होतो.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढू नका, मुळाबरोबर चार दगड येतात. तणनाशकही नको, हे पाणी आहे. मुळाभोवतीचे दगड वरून क्रमाने, खडूने आकडे घालून काढा, मूळ कापा आणि त्याच क्रमाने दगड परत बसवा. वेळ लागतो. रोप वीतभर असतानाच काढले तर हे काहीच करावे लागत नाही. वर्षातून दोनदा, आषाढात आणि कार्तिकात, एक माणूस खुरपे घेऊन फिरला की झाले. देवळाच्या पारावर लावायला हीच रोपे चालतात, नर्सरीतून विकत आणण्याची गरज नाही. पाराला मात्र सिमेंटचा गळपट्टा घालू नका. खोडाभोवती मीटरभर माती मोकळी असू द्या.

नवे पाणी भरले की शुद्धीकरण. इथे 'दोन मुठी ब्लीचिंग' चालत नाही. पाणी मोजा : गोल विहिरीसाठी व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, आणि उत्तराला १,००० ने गुणले की लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. ताज्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ९५ ग्रॅम. चौकोनी बावडीत पायऱ्यांनी जागा खाल्लेली असते, म्हणून लांबी-रुंदी वर आणि तळाशी दोन्हीकडे मोजून सरासरी घ्या. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. खाली पांढरा चुना बसतो. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. चुन्याचा साका विहिरीत टाकू नका, पाणी जड होते. तासाभराने पट्टीने तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवे. दिसले नाही तर पाण्यात अजून घाण आहे, मात्रा परत द्या. उघडी राहिलेली पावडर महिन्याभरात निकामी होते, म्हणून मोठे पोते विकत घेण्यात शहाणपण नाही. टाकीतले मासे क्लोरीन उडून गेल्यावर, तीन-चार दिवसांनी परत सोडा.

एवढे करूनही पिण्यासाठी लगेच वापरू नका. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ई. कोलाय अजिबात चालत नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटले की वाढते. बावडीपासून १५ मीटरच्या आत शोषखड्डा असेल तर आधी तो हलवा. भेगांच्या खडकात मैला त्याहूनही लांब पोचतो, तेव्हा १५ मीटर हे किमान समजा. पिण्यालायक नसले तरी झाडांना, आवार धुवायला, मांडवाला, आगीच्या वेळी पाणी लागतेच.

आणि ते लागायला हवे. आमच्या अनुभवात बावड्या बिघडल्या त्या मुख्यतः नळ आल्यावर. इंदूर शहरात नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये आले, छोट्या गावांत पाइपलाइन आणि बोअर नंतर आले, आणि जिथे आले तिथे बावडीचा उपसा थांबला. उपसा थांबला की पाणी हलत नाही, शेवाळ धरते, डास होतात, वास येतो. मग लोक त्यात कचरा टाकतात आणि समितीत कोणीतरी म्हणतो, बुजवून टाका. आठवड्याला निदान पाव भाग पाणी बाहेर निघेल अशी सोय लावा. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, एक उंच टाकी, त्यातून पाराला, बागेला आणि विसर्जनाच्या हौदाला पाइप. डासांसाठी गप्पी मासे सोडा. गॅम्बुशिया दिले तर नाही म्हणा, ते बेडकांची पिले आणि इतर मासेही संपवतात.

पावसाचे पाणी आत घ्यायचे असेल तर फक्त छपरावरचे. माळव्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या सभामंडपाच्या छपरावरून गळती-उडती धरून ७०,००० लिटरच्या आसपास मिळतात. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडा, त्यात कबुतरांची विष्ठा आणि धूळ असते. नंतरचे गोटे, खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून आत घ्या. रस्त्याचे पाणी कधीही नको. त्यात ऑइल, गटार, सगळे येते. कठड्याभोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार असलेला ओटा आणि नाली केली की ते आपोआप लांब राहते.

'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची ओळ भाषणात म्हणायला सोपी आहे. अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीच्या वर्षात ती खूप ऐकली. त्या वर्षी एखाद्या समितीने हार-तुऱ्यांऐवजी ब्लोअर आणि हार्नेस विकत घेतले असते तर आम्हाला जास्त बरे वाटले असते. हा संच पाच-सहा गावांनी मिळून घेतला तरी पुरतो, कारण प्रत्येक गावाला तो वर्षातून आठवडाभरच लागतो. कोणत्या गावाकडे राहील यावरून वाद होईल हे ठाऊक आहे. ज्याच्याकडे कोरडी खोली आणि हिशेब ठेवणारा माणूस आहे त्याच्याकडे ठेवा.

येत्या वैशाखात काम धरायचे असेल तर चैत्रात हे मोजून ठेवा : तोंडाची आणि तळाची लांबी-रुंदी, पाण्याची खोली, गाळाची जाडी, जवळच्या शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर, आणि भिंतींचे चारही बाजूंचे फोटो, सकाळी व दुपारी असे दोनदा, म्हणजे सावलीतल्या भेगा सुटत नाहीत. मापाचा दोर नायलॉनचा घ्या, सुती दोर भिजला की आखडतो. दर अर्ध्या मीटरला गाठ आणि टोकाला किलोभर वजन. वाकून मोजणाऱ्याच्या अंगातही हार्नेस असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
विहिरी-बावड्यांच्या कामातली काही मंडळी, इंदूर